बावन्न वजा सत्तावीस, उत्तर पस्तीस

‘ताई, गेल्या वर्षी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेविका म्हणून लागले. पाचवीचा वर्ग आहे, पट ३४. त्यात तिघं विशेष गरजा असलेली. एका मुलाला वाचन-लेखन जड जातं आणि वजाबाकी कायम चुकते. आजोबा म्हणतात, आळशी आहे. त्याची तपासणी झालेली नाही. त्याच्या वहीच्या पानाचा फोटो जोडते आहे. एक मुलगी कानाला मशीन लावते. आकडेमोड झकास, पण शाब्दिक उदाहरण आलं की वही कोरी. तिसरीकडे बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र आहे. ती दहापर्यंत मोजते, तेही मनात आलं तर. डी.एड.ला समावेशित शिक्षणाचा पेपर मी पाठ करून सोडवला होता, आता त्यातलं काही आठवत नाही. सहकारी म्हणतात, “त्यांना चित्रं रंगवायला द्या, बाकीच्यांचं नुकसान करू नका.” गणिताचा तास आला की पोटात गोळा येतो. मी या मुलांना शिकवायचं की नुसतं सांभाळायचं?’
— एक शिक्षणसेविका, नाशिक जिल्हा

बाई,

(शाळेत तुम्हाला ‘मॅडम’ म्हणत असतील. माझी सगळी नोकरी ‘बाई’ या हाकेला ओ देण्यात गेली, म्हणून तेच तोंडात बसलंय.)

पत्र वाचायच्या आधी मी वहीचा फोटो पाहिला. पाच वजाबाक्या. ८५ − ३२ = ५३, बरोबरची खूण. मग ५२ − २७ = ३५, फुली. ८१ − ४६ = ४५, फुली. ६३ − २८ = ४५, फुली. ७० − ३४ = ४४, फुली. खाली तुमच्या अक्षरात ‘लक्ष देऊन सोडव’.

आता लाल पेन बाजूला ठेवून तेच पान पुन्हा वाचा. बावन्नमधून सत्तावीस. एककाच्या घरात दोन आणि सात; त्यानं सातातून दोन काढले, पाच उरले. दशकाच्या घरात पाचातून दोन गेले, तीन. झाले पस्तीस. पुढच्या तिन्ही उदाहरणांत हेच. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, हा एकच नियम त्यानं पानभर पाळलाय आणि एकदाही मोडलेला नाही. ज्याला आजोबा आळशी म्हणतात त्या पोरानं इतक्या शिस्तीत काम केलंय. आणि नियम त्याला दिला कुणी? आपणच. पहिली-दुसरीत आपण सगळ्या घसा फोडून सांगतो, ‘नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं.’ त्यानं ऐकलं बिचाऱ्यानं.

तुम्ही विचारता, शिकवायचं की सांभाळायचं. शिकवायचं. काय शिकवायचं ते प्रमाणपत्रावर सापडत नाही, डी.एड.च्या पेपरातही नव्हतं; ते असं चुकलेल्या उत्तरात असतं. तुमचा पेपर विसरला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मीही विसरले होते.

उद्या त्याला मधल्या सुट्टीनंतर जवळ बसवा आणि म्हणा, ‘हे कसं केलंस, मला शिकव.’ ‘का चुकलं?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला मुलं मान खाली घालतात, एवढंच उत्तर असतं. तो बोलत असताना दुरुस्ती करायची जीभ दाबून धरा. मग खराट्याचे हीर तोडून ठेवलेले असतील तर ते, नाहीतर आईस्क्रीमच्या काड्या घ्या. दहा-दहाच्या पाच जुड्या, रबरबँड लावलेल्या, आणि दोन सुट्या. म्हणा, ‘मला यातल्या सत्तावीस दे.’ तो दोन जुड्या देईल. मग सात सुट्या द्यायच्या आहेत आणि हातात आहेत दोन. इथे गप्प बसायचं. नव्या शिक्षकाला सगळ्यात अवघड जातं ते हेच. तोंडातून ‘अरे, जुडी सोड ना’ निसटतंच. निसटू देऊ नका. पाच मिनिटं लागोत. कधीतरी तो तुमच्याकडे बघेल आणि विचारेल, ‘जुडी सोडू का?’

तो प्रश्न म्हणजे हातचा. वर्गातल्या हुशार मुलांना विचारून बघा, हातचा म्हणजे काय. ‘वर लिहितात तो’ असं सांगतील. वर का लिहितात ते ठाऊक नसतं. तुमच्या या पोराला जुडी सोडल्यावर ठाऊक होईल, म्हणजे तो निदान एका बाबतीत वर्गाच्या पुढे गेला.

‘मूर्ताकडून अमूर्ताकडे’ हे सूत्र डी.एड.ला आपण सगळ्यांनी घोकलंय. प्रत्यक्षात मूर्त एक दिवस दाखवतो आणि उरलेले नऊ महिने अमूर्त. शिवाय मधली एक पायरी कुणी घेतच नाही: चित्राची. काड्यांचा सराव झाला की काड्या गुंडाळून एकदम अंकांवर उडी मारू नका. जुडीसाठी उभी रेघ, सुट्यासाठी टिंब. पाच रेघा, दोन टिंबं. एक रेघ खोडायची आणि तिच्या जागी दहा टिंबं काढायची. ती चित्रं पुरेशी झाली की चित्राशेजारी अंक मांडायचे आणि शेवटी नुसते अंक. बाकीच्यांना काड्या तीन दिवस लागतील, त्याला तीन आठवडे लागू शकतात. लागू देत. घटक चाचणीतही कोपऱ्यात रेघा-टिंबं काढून सोडवलं तर पूर्ण गुण द्या.

आणखी एक. बरेच जण दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घेऊन सुरुवात करतात. पैसे नंतर. दहाची नोट हातात घेतली तर तिच्यात दहा रुपये दिसत नाहीत, मानावे लागतात. जुडीत मात्र दहा काड्या मोजता येतात. ज्याला ‘मानणं’च जड जातंय त्याला आधी मोजता येणारं द्या. तुमच्या शाळेच्या कपाटात गणिताच्या साहित्याची पेटीही असेल, कुलूपबंद. किल्ली मागा. साहित्य हरवलं तर जबाबदारी तुमची असं मुख्याध्यापक म्हणतील, म्हणू देत.

आता आपल्या भाषेचा एक घोळ, ज्याबद्दल प्रशिक्षणात कुणी बोलत नाही. ‘पंचवीस’ म्हणताना कानावर आधी पाच येतो, मग वीस. लिहायचं मात्र आधी दोन, मग पाच. ‘एकोणतीस’मध्ये तीस ठळक ऐकू येतो आणि कागदावर तीनचा पत्ता नाही. एक कमीची ही रीत एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्व्याण्णवला कारण न सांगता थांबते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गहजब झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना अडखळवतो. ऐकायच्या मनःस्थितीत फारसं कुणी नव्हतं, विनोद मात्र भरपूर झाले. सोलापूर-अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी मुलं ‘इप्पत्तैदु’ म्हणतात, म्हणजे सरळ वीस-पाच. त्यांचं काही बिघडलेलं नाही. माझं म्हणाल तर पंचवीस सोडायचा नाही, बाजारात तोच लागतो. पण ज्याला अडखळायला होतं त्याच्याशी दोन्ही बोला: ‘वीस आणि पाच, पंचवीस.’ जुन्या लग्नपत्रिकांची कार्डं कापा, एकावर २०, दुसऱ्या अर्ध्या कार्डावर ५. पाचाचं कार्ड शून्यावर ठेवलं की पंचवीस तयार. कार्ड उचललं की आतला वीस पुन्हा दिसतो.

आणि अंकांची चित्रं पाहा. छत्तीसचा आकडा आपण म्हणतो तो उगाच नाही. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले. आरशात धरला तर तीनाचा सहा होतो. १ आणि ९ हेही तसेच चुलतभाऊ. अक्षरं उलटी काढणाऱ्या मुलाला हे दोन-दोन अंक एकाच दिवशी कधी देऊ नयेत. आधी एक पक्का, मग आठवड्यानं दुसरा. तुमच्या या पोरानं ६३ − २८ मध्ये सहातून दोन आणि आठातून तीन काढलेत, म्हणजे निदान त्या उदाहरणात तीन-सहाची अदलाबदल झालेली नाही. तरी एकदा संख्या मोठ्यानं वाचायला लावून खात्री करा. बाकावर एक ते शंभरची पट्टी चिकटवून टाका, सगळ्यांच्याच बाकांवर. एकट्याच्या बाकावर चिकटवली तर दोन दिवसांत तो ती नखानं काढून टाकेल.

पाढ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. बे एके बे म्हणता येणं चांगलंच. न येणाऱ्यापुढे मात्र पाढ्यांचा तक्ता ठेवा आणि पुढे चला. पाठांतराच्या दारात त्याला वर्षभर उभं केलंत तर आतलं गणित त्याला कधी दिसणारच नाही.

तुमची मशीनवाली मुलगी. तिला गणित येतं, हे तुम्हीच लिहिलंय. मग कोरी वही कशाची? मराठीची. हे उदाहरण घ्या: ‘रमेशकडे १५ पेरू आहेत. त्याच्याकडे सीतापेक्षा ७ पेरू जास्त आहेत. तर सीताकडे किती?’ सगळं उदाहरण ‘पेक्षा’वर उभं आहे. आपल्या भाषेतले हे पेक्षा, ने, ला, तून शब्दांच्या शेपटीला येतात, हळू उच्चारले जातात आणि लहानपणापासून तिच्या कानातून निसटत आले आहेत. मशीन आवाज मोठा करतं, पण पंख्याचा, पत्र्यावरच्या पावसाचा आणि शेजारच्या वर्गातल्या कवितेचाही. तिला ऐकू येतं रमेश, पंधरा, सीता, सात, जास्त. ‘जास्त’ दिसलं की बेरीज, असं आपणच शिकवलेलं असतं. ती २२ लिहील किंवा, शहाणी असेल तर, काहीच लिहिणार नाही.

म्हणून ‘जास्त म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी’ ही गुरुकिल्ली आजपासून बंद. कुणालाच देऊ नका. उदाहरण आधी करून दाखवायचं: दोन मुलं उभी करा, चिंचोके वाटा, कुणाकडे जास्त दिसतात ते तिला बोटानं दाखवू द्या. मग फळ्यावर एकाखाली एक दोन पट्ट्या, रमेशची लांब, सीताची आखूड, फरकाच्या तुकड्यावर ७. पट्ट्या काढल्यावर आठ उत्तर तीच पहिली देईल, लिहून ठेवा. मग शेवटी वाक्य वाचायचं आणि ‘पेक्षा’खाली रेघ मारायची.

आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका. ही सवय मोडायला मला स्वतःला दोन वर्षं लागली. आधी लिहा, मग वळा, मग बोला. एकवीस-एकतीस, बावीस-बत्तीस, सात-साठ या जोड्यांत सहज गफलत होते, तेव्हा तोंडी संख्या सांगताना प्रत्येक वेळी लिहून दाखवा. तिला खिडकीपासून दूर, दुसऱ्या रांगेत बसवा, चांगला कान तुमच्या बाजूला येईल असं. मशीनची बॅटरी सकाळी तपासा. कितीतरी मुलं संपलेल्या बॅटरीचं मशीन दिवसभर दागिन्यासारखं घालून बसतात. घरी किंवा आधीच्या शाळेत ती खुणांची भाषा शिकली असेल तर दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कोशात दहा हजारांवर शब्दांचे व्हिडिओ आहेत. संख्यांच्या खुणा सगळ्या वर्गाला शिकवा. पोरं एका दिवसात उचलतात, आणि मग परीक्षेत खुणा करून उत्तरं सांगायला लागतात, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

तिसरी मुलगी. तिच्याबद्दल लिहिताना मला माझंच एक वर्ष आठवतं. नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती. वर्गात असाच एक मुलगा होता, आणि मी त्याला वर्षभर चित्रं रंगवायला दिली. छान रंगवायचा. मी त्याच्या वहीत तारे काढायची आणि मला आपण फार मायाळू असल्यासारखं वाटायचं. मार्चमध्ये त्याची आई आली. भाजी विकायची. म्हणाली, ‘बाई, रंगवतो चांगलं, पण याला पैशाचं शिकवा. गाड्यावर बसवते तर लोक वीसची नोट देतात आणि पन्नासचे सुटे मागून नेतात.’ मला तोंड वर करता येईना. वर्ष माझ्याकडे होतं आणि मी ते रंगवण्यात घालवलं होतं.

तेव्हा सहकाऱ्यांचा सल्ला प्रेमळ असला तरी घेऊ नका. तुमच्या मुलीला वर्गाचाच पाठ द्या, तिच्या उंचीवर. वर्ग अपूर्णांक करत असेल तेव्हा ती भाकरीचे अर्धे आणि पाव करेल. आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द रोज तोंडात असतात, ते तिनं घरी ऐकलेले आहेत. पाव किलोचं माप हातात दिलं तर अपूर्णांक तिला अनोळखी वाटणार नाही. दहापर्यंत ‘मनात आलं तर’ मोजते असं तुम्ही लिहिलंय, तिथे नीट पाहा. ती म्हणताना दहापर्यंत जाते की वस्तूला बोट लावून? पुष्कळ मुलं एक-दोन-तीन गाण्यासारखं म्हणतात आणि बोट मात्र एका चिंचोक्यावर दोनदा पडतं. तसं असेल तर मोजलेला चिंचोका एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायला शिकवा, म्हणजे तो पुन्हा मोजला जाणार नाही. आणि मोजून झाल्यावर विचारा, ‘किती?’ पुन्हा एकपासून सुरू झाली तर शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या, हे तिला अजून कळलेलं नाही. सध्या तेवढंच शिकवायचं. रोज खिचडीच्या वेळी तिच्या रांगेसाठी ताटं मोजून आणायचं काम तिला द्या. दोन कमी आणली तर दोघं जण ओरडतीलच, तुम्हाला फुली मारावी लागणार नाही.

चौतीस जणांत हे कधी करायचं? तासाची पहिली दहा मिनिटं सगळ्या वर्गाला जोडीनं साहित्य द्या आणि तेवढ्यात एकाच मुलाजवळ बसा. रोज एक. तिघांनाही आठवड्यातून दोनदा मिळता तुम्ही. तपासून पाहिलं तर कळेल की जुडी सोडायची गरज आणखी आठ-दहा जणांना होती, ती फक्त हुशारीनं लपवत होती. म्हणजे ‘बाकीच्यांचं नुकसान’ हा हिशेबही सहकाऱ्यांनी मोठ्यातून लहान काढल्यासारखाच केलाय.

तपासणीचं सांगते. आधी डोळे आणि कान. मुलाच्या चष्म्याचा नंबर न निघाल्यामुळे ‘अध्ययन अक्षमता’ झालेली मी पाहिली आहे. मग तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना लेखी कळवा. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून ते याच कामासाठी असतात, पण बोलावल्याशिवाय तुमच्या वाट्याला येतीलच असं नाही, त्यांच्याकडेही शाळा खूप असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता आहे. तपासणी सरकारी रुग्णालयात होते, आठ वर्षांखाली सहसा प्रमाणपत्र देत नाहीत, पाचवीच्या मुलाचं वय योग्य आहे. चाचणी त्याच्या घरच्या भाषेत व्हावी असा आग्रह धरा. प्रमाणपत्रामुळे परीक्षेत ताशी २० मिनिटं जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. पाचवीला आता वार्षिक परीक्षेत पास व्हावं लागतं, त्यामुळे याला उशीर नको. पुढे दहावीला गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घ्यायची सवलत लोक सुचवतील. ती घाईनं घेऊ नये. तंत्रनिकेतन, विज्ञान अशा वाटा तिथेच अडतात. आजोबांना मात्र ‘अक्षमता’ हा शब्द पहिल्या भेटीत सांगू नका. त्यांना ते पान दाखवा आणि नातवानं नियम कसा पाळलाय ते समजावून सांगा. आजोबा शेतकरी असतील तर जुडी लगेच कळेल त्यांना.

पुढच्या वर्षी दृष्टिहीन मूल आलं तर घाबरू नका. त्यांच्यासाठी टेलर फ्रेम नावाची पाटी असते, आठ कोनांच्या छिद्रांची. त्यात धातूचा छोटा खिळा आठ दिशांनी बसतो आणि त्याची दोन टोकं वेगळी असतात, म्हणून सोळा खुणा: दहा अंक आणि बाकीची चिन्हं. बोटांनी उभी मांडणी करून ती मुलं हातच्याची वजाबाकी करतात. शिकायला तुम्हाला एक रविवार लागेल.

महिनाभरानं त्याच पोराच्या वहीचा आणखी एक फोटो पाठवा. तेच पाच प्रश्न असू देत. रेघा आणि टिंबं खोडून टाकू नका, मला तीच बघायची आहेत.

तुमची ताई